कुल्ला माझा, खुबा नवा

हसा गं खुशाल, पण मी डॉक्टरवर चप्पलच उगारणार होते. वर्षभर लंगडतेय, राजा पार्कच्या बाजारातही जाता येईना, आणि हा म्हणतो, "माताजी, कूल्हा बदलना पड़ेगा."

कुल्ला? मी ताडकन उठले. "अपना बदलो! मेरा अच्छा है!"

पोरगी इथेच, हिंदी मुलखात वाढलेली. तिने मला ओढून बसवलं. "आई, हिंदीत कूल्हा मतलब खुबा! झिजलेला सांधा काढून नवा घालतात. आता समोरून लहानशी चीर देतात, स्नायू कापत नाहीत, दुसऱ्या दिवशी चालवतात."

खरंच चालले बाई! वॉकर धरून का होईना, पण तो जुना ठणका गेला.

डॉक्टर हसत म्हणाले, "माताजी, बदल दिया."

म्हटलं, "हां, लेकिन बैठूंगी पुराने पे ही!"