झिजलेला चाप

हरणांचा हंगाम उद्या उघडणार म्हणून व्हर्लिनच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात रांग होती. माझ्यापुढे जोलीन, तिची रायफल काउंटरवर.

"रिकामी आहे ना?"

"घरीच बघितली."

"मीही बघतो. हं, बोल."

"बाबा गेले मार्चमध्ये. त्यांच्या जुन्या रायफलीचा चाप माझ्या नवीत बसवला. पहिला बार उडतो, मग चाप पुढे येतच नाही."

"व्हिडिओ बघून बसवलास?"

"दोन्ही रायफली सारख्याच तर आहेत."

"दिसायला. जरा गप्प राहा, ऐकू दे."

व्हर्लिनने चाप ओढला. खट्.

"स्प्रिंगचं टोक खालून घातलंयस. जुनीत खालून, नवीत वरून. पाच मिनिटांचं काम आहे."

"न उघडता कळलं?"

"आवाज बसका येतोय. पण चापाची ही उजवीच कड एवढी का झिजलीय? बाबांच्या तर्जनीचं टोक नव्हतं का?"

"गवताचे गठ्ठे बांधायच्या यंत्रात गेलं. माझ्या जन्माआधी."

"तरीच. बोट या कडेपर्यंतच पोचायचं. कड घासून सारखी करू?"

"नको, राहू दे. तुम्ही ओळखायचात त्यांना?"

"नाही पोरी. आत्ताच भेटलो."