सात नंबरचं चीज

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमचे अधिष्ठाता माननीय ब्रुजेर साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आमच्या चीज प्रयोगशाळेतले सहकारी, विद्यार्थी मित्र, आणि जिथं बसायला सांगितलं तिथं न बसता मागच्या रांगेत जाऊन बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती सोलांजबाई व्हेर्डिए,

संचालक म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोन शब्दांत आटोपणारा प्राध्यापक आमच्या क्लेर्माँ-फेराँ शहरात अजून जन्माला यायचाय, तेव्हा नीट टेकून बसा.

सोलांजबाई इथं एकतीस वर्षं तंत्रज्ञ होत्या आणि मी प्राध्यापक. म्हणजे काम त्यांनी केलं, परिषदांना मी गेलो. चीजच्या सालीवरच्या बुरशीवर माझे साठ शोधनिबंध आहेत. ती सगळी बुरशी बाईंनी वाढवली. मी वाढवली ती फक्त ढेरी. मंत्रालयाच्या हुकमानं प्रयोगशाळेचं नाव चारदा बदललं. चारही वेळा भाषण मी केलं आणि शिडीवर चढून पाटी बाईंनी लावली.

आमच्याकडे दोन फ्रिज आहेत. एकावर बाईंच्या अक्षरात ‘खायचं चीज’, दुसऱ्यावर ‘न खायचं चीज’. आयुष्यभर चीजवर संशोधन करणाऱ्यांना हे लिहून द्यावं लागतं का? इतरांना नाही. मला लागतं.

नऊ वर्षांपूर्वी इथं एका विद्यार्थ्याची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा झाली. मग रिवाजाप्रमाणे खाणंपिणं. वाईन होती, सॉसेज होतं, आणि चीज संपलं! परीक्षकांपुढे चीजचं रिकामं ताट? एक वेळ प्रबंध पोकळ असला तर चालतो. मी सुरी घेऊन धावलो. घाईत कुठलं दार उघडलं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

तूलूझहून आलेल्या परीक्षकबाईंनी तीनदा वाढून घेतलं. म्हणाल्या, “कुठलं हो हे?”

“माझ्या बहिणीच्या गावचं,” मी ठोकून दिलं.

सोमवारी आमची दुसरी विद्यार्थिनी, मेलिस, फ्रिजपुढे रडत उभी. चौदा महिने पिकवलेलं तिचं सात नंबरचं चीज गायब! त्याच्याशिवाय तिचा प्रबंध लंगडा. मी काय केलं? “चौकशी झालीच पाहिजे!” असं गरजलो, आणि चौकशी समितीचा अध्यक्षही मीच झालो.

बाईंनी मला बाजूला घेतलं. “सर, सुरी धुतलीत, पण साल कचऱ्यात टाकलीत. तिच्यावर नंबराचा शिक्का आहे.”

“आता हो?”

“आता गप्प बसा. पोरीची शिष्यवृत्ती पुढच्या महिन्यात ठरायचीय. संचालकांनी प्रयोग पाहुण्यांना खाऊ घातला असं कळलं, तर तिच्या कामाचा विनोद होईल. फ्रिज बिघडला, तपासायचं मी विसरले, सात नंबर सडलं म्हणून फेकलं, असं लिहा.”

मी लिहिलं. कचऱ्यातल्या त्या सालीवरून बाईंनी रविवारीसुद्धा येऊन बुरशी पुन्हा वाढवली. मेलिस डॉक्टर झाली. ती समोरच बसलीय आणि तिला हे आत्ता कळतंय. मेलिस, चव खरंच उत्तम होती.

पण अहवालात ‘तंत्रज्ञाचा निष्काळजीपणा’ तसाच राहिला. त्याच ओळीवर बाईंची बढती अडली. एकदा नाही, तीनदा. तिन्ही बैठकांना मी हजर होतो आणि तिन्ही वेळा खिडकीबाहेर बघत बसलो. मघापासून तुम्हाला हसवतोय तेही इथवर यायचा धीर होत नव्हता म्हणून. मला लाज वाटते.

आज सकाळी खरा अहवाल माझ्या सहीनं ब्रुजेर साहेबांकडे दिलाय. बाई उद्यापासून निवृत्त, म्हणजे बढतीचा आता काही उपयोग नाही. तरी कागदावर खरं असावं.

अध्यक्षांचे, संयोजकांचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात अनवधानानं काही राहून गेलं असेल तर सांभाळून घ्या, असं म्हणून वक्ते खाली बसतात. माझ्याकडून राहिलं ते अनवधानानं नव्हे, जाणूनबुजून. म्हणून सभेची नाही, मी एकट्या सोलांजबाईंची क्षमा मागतो. बाई, नाही केलीत तरी माझी तक्रार नाही. पण जे काय म्हणायचं ते इथं, या माईकवर येऊन म्हणा. नऊ वर्षं तुमचं म्हणणं कुणी विचारलेलंच नाही.