तीन नंबरचा ग्लास

तर मंडळी, ऐका! टाळ जरा मांडीवर ठेवा. आज एकच प्रश्न विचारतो, आणि उत्तर लगेच देऊ नका. दुसऱ्याचा दोष आधी कशाला कळतो — नाकाला, की मनाला?

हं! मागच्या ओळीतले बापू म्हणाले, "नाकाला." बापू, घाई केलीत! बसा. आख्यान संपलं की परत विचारीन.

आता आख्यान आहे वाईनचं. काय झालं? पदर का सावरले? नाकं का मुरडली? अहो, मी घेत नाही, तुम्ही घेऊ नका. पण दुधाची गोष्ट सांगायला गवळीच व्हावं लागतं का? कादवा नदीच्या काठी गोरठाण नावाचं गाव आहे. तिथं पूर्वी नुसती खायची द्राक्षं होती, आता वाईनचीही आहेत. दर चैत्रात तिथं नव्या वाईनची पारख होते. पांढरी आधी, लाल मागून. बाटलीवर नाव नाही, फक्त नंबर. कुणाची वाईन ते पारख करणाऱ्याला कळता कामा नये. कुठला नंबर कुणाचा ते बंद पाकिटात, आणि पाकीट शेवटी फोडायचं.

त्या पारखीचे प्रमुख होते सुकदेव काठे. सगळे त्यांना अण्णाच म्हणत. काय नाक होतं त्या माणसाचं! भाकरी हुंगून सांगायचे — "पीठ आजचं आहे, पण पाणी खालच्या विहिरीचं!" पारखीच्या आधी आठ दिवस कांदा बंद, तंबाखू बंद, वासाचा साबण बंद. घरात उदबत्तीसुद्धा नाही! बायको म्हणायची, "देवाला काय सांगू?" तर हे म्हणायचे, "देवाला सांग, अण्णाची परीक्षा आहे!"

आणि पारखीच्या खोलीच्या दारावर अण्णांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती — 'अत्तर, सुगंधी तेल, गजरा लावून आत येऊ नये.' शहरातून पारख करायला दाणी मॅडम यायच्या, रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. यंदा पारखीच्या सकाळी त्यांनी हाताला क्रीम लावलं होतं, तर अण्णांनी त्यांना दारातून परत पाठवलं! "मॅडम, आधी हात धुवा. नियम म्हणजे नियम!" मॅडमनी मुकाट्यानं धुतले.

बरं, पारख करायची कशी? ग्लास पांढऱ्या कापडासमोर तिरपा धरायचा, रंग बघायचा. गोल फिरवायचा. नाक आत घालायचं. मग एक घोट, तोंडात खुळखुळ, खुळखुळ — आणि शेजारी तस्त असतं, त्यात थुंकायचं! मंडळी, एवढं वैराग्य आपल्याला जमेल का? आलेला घास तोंडातून परत द्यायचा! आपल्याला तर प्रसादाचा दुसरा लाडू सोडवत नाही!

तर गावात सप्ताह चालू. पारखीच्या दिवशी अण्णा पहाटे काकड्याला गेले. नेम चुकवत नसत. आरती झाली, भेटाभेटी झाल्या. विणेकरी होते नाना बोरस्ते. वय ऐंशी, हात थरथरतात. नानांनी बुक्का घेतला, अण्णांच्या कपाळाला लावला आणि म्हणाले — "अण्णा, आमच्या मंदीवर लक्ष असू द्या."

झालं! ठिणगी पडली!

कारण मंदी म्हणजे नानांची सून, मंदाकिनी. तिनं यंदा पहिल्यांदाच स्वतःच्या द्राक्षांची पांढरी वाईन केली होती. नवरा बागेत, ही टाकीपाशी. सगळं गाव बघत होतं. अण्णा मनात म्हणाले — आजच का म्हणावं? नेमकं पारखीच्या दिवशी? हा बुक्का आहे, का वशिला?

मंडळी, कपाळाला देवाचं लेणं लागलं, आणि माणूस त्याच्यात लाच शोधतोय!

आणि संशय एकटा येतो का? तो आपल्या भावंडांना घेऊन येतो. अण्णांना आठवलं — आदल्याच दिवशी मंदा बाजारात वाण्याकडे उभी होती. काय घेत होती? वाळा! सुगंधी मुळ्यांची चांगली जाड जुडी. वाळा आणि वाईन... हं! अण्णांनी गाठ मारून ठेवली.

घरी आले. हौदावर जाऊन कपाळ धुतलं. नियमाचा माणूस! तीनदा धुतलं. आरशात बघितलं — स्वच्छ. निघाले.

पारख सुरू झाली. खोलीत दोघंच, अण्णा आणि दाणी मॅडम. एक नंबर पांढरी. अण्णांनी हुंगली — पिकला पेरू. घोट, खुळखुळ, थुंकले. लिहिलं, 'चांगली.' दोन नंबर. लिंबाची साल, ओलं गवत. घोट, खुळखुळ. 'बरी.'

तीन नंबर.

अण्णांनी नाक आत घातलं — आणि थांबले. परत घातलं. डोळे बारीक झाले. पेरू आहे... पण त्याच्या मागून कोण डोकावतंय? थंड, मातकट, गोड. वाळा! शंभर टक्के वाळा!

"मॅडम, तीन नंबर हुंगा."

मॅडमनी हुंगला. "छान आहे की. थोडी मिरचीची झाक."

"वाळा नाही येत?"

"वाळा? नाही बुवा."

अण्णा मनात म्हणाले, बाईंना सर्दी असेल. आणि पेन उचललं. कागदावर लिहिलं — 'नंबर तीन. बाहेरचा सुगंध मिसळला. भेसळ. बाद.' बाद म्हणजे साधं बाद नव्हे, मंडळी! ज्याची भेसळ ठरली, त्याला तीन वर्षं पारखीत पाऊल ठेवता येत नाही. पहिल्या वर्षीच मंदाच्या नावावर काळं! गाव काय म्हणेल? "बघा, बाई टाकीपाशी गेली आणि अत्तर ओतून आली!"

आणि लक्षात घ्या — ग्लासावर नाव होतं का? नव्हतं! ग्लासावर नुसता तीनचा आकडा होता. नाव अण्णांच्या मनात होतं!

चार नंबर. हुंगला — अरे! यातही वाळा! पाचात — वाळा! सहात — वाळा आणि वर थोडा कापूर! अण्णांना घाम फुटला. म्हणजे एकटी मंदा नाही! सगळे सामील! वाळा एकाच वाण्याचा, सगळी त्याचीच गिऱ्हाइकं! लाल वाईन आणली. जांभूळ, मिरी, लाकूड — आणि वाळा! आता लालसुद्धा! मग अण्णांनी हळूच दाणी मॅडमकडे बघितलं. बाई शांतपणे लिहीत होत्या. एवढी शिकलेली बाई, आणि हिला कळत नाही? का कळून गप्प आहे? सकाळी हात धुवायला लावले, त्याचा राग तर नाही ना काढत?

बघा! सकाळी एका सुनेवर संशय होता. दुपारपर्यंत अख्खा तालुका चोर झाला! आपल्या घरात नाही होत असं? डब्यातला एक लाडू कमी झाला, की आधी जाऊ, मग भाचा, मग शेजारीण... आणि संध्याकाळी आठवतं, दुपारी आपणच खाल्ला!

अण्णा उठले. दार उघडून ओरडले — "मंदाकिनी बोरस्ते! आत या!"

बाहेर झाडाखाली सगळे वाईनवाले बसले होते. कुजबुज झाली. मंदा आली. दाराशी थांबून तिनं आधी वेणीतला गजरा काढला, पाटीच्या खिळ्याला अडकवला, मग आत आली. नियम तिनंही पाळला, बरं!

"काल बाजारात वाळा घेतलास?"

"घेतला, अण्णा."

"कुठं टाकलास?"

"माठात."

"ऐकलंत मॅडम! कबूल झाली!"

"अहो अण्णा, पाण्याच्या माठात! चैत्र आहे. नानांना वाळ्याचं पाणी लागतं."

"आणि नाना पहाटे मला काय म्हणाले? मंदीवर लक्ष असू द्या! ते कशासाठी?"

मंदा हसली नाही, पण ओठ दाबले. "नाना दूधवाल्यालाही तेच म्हणतात. परवा गॅसवाल्याला म्हणाले. तो बिचारा अजून विचारतो, वहिनी, कसलं लक्ष ठेवायचं?" मग तिचा आवाज बदलला. "अण्णा, माझी वाईन वाईट असेल तर वाईट लिहा. आंबट लिहा, पांचट लिहा. पण भेसळ लिहू नका. टाकीत द्राक्षाशिवाय काही नाही. मी रात्रंदिवस तिथं होते."

"सगळे असंच म्हणतात!"

दाणी मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, "अण्णा, एक करू. ही पाण्याची बाटली सीलबंद आहे. तुमच्यासमोर फोडते. नव्या ग्लासात ओतते. हे पाणी हुंगा."

अण्णांनी ग्लास घेतला. नाक आत घातलं.

आणि ओरडले — "वाळा! बघा! पाण्यातसुद्धा घातलाय!"

मॅडमनी तोच ग्लास हुंगला, नाही म्हणून मान हलवली. मंदानं हुंगला, तिनंही नाही म्हटलं. अण्णा एकदा हिच्याकडे बघतात, एकदा तिच्याकडे. आणि मंदा एकदम पुढे वाकली. टक लावून बघत म्हणाली —

"अण्णा... तुमची मिशी."

"मिशीचं काय?"

तिनं टेबलावरचं पांढरं कापड त्यांच्या हातात दिलं. अण्णांनी मिशी पुसली. कापड समोर धरलं. मंडळी, त्या कापडासमोर अण्णांनी वीस वर्षं लाल बघितली, पांढरी बघितली. आज त्या कापडावर काळा पट्टा होता. बुक्का!

नानांचा हात थरथरला होता; सुनेला ती थरथर रोजची ठाऊक. अर्धा बुक्का कपाळावर, अर्धा मिशीत. बुक्क्यात काय असतं? वाळा, कापूरकाचरी, नागरमोथा! अण्णांची मिशी काळी, बुक्का काळा — दिसणार कसा? सुका होता तोवर गप्प होता. दोन घोटांनी मिशी ओली झाली, आणि वास उठला! कपाळ तीनदा धुतलं हो, पण जे आरशात दिसलं तेवढंच धुतलं!

या ठिकाणी दोन ओळी म्हणतो. संतांच्या नाहीत, माझ्याच आहेत, म्हणून चाल साधी —

आपुलाच वास आपणा न कळे ।
दुजियाचे गळे दोष बांधी ॥

हं, एकदा टाळ! ...बस, बस.

मग अण्णांनी काय केलं? कागद फाडला? नाही. खुर्चीत बसले. 'भेसळ, बाद' याच्यावर रेघ मारली, आणि खाली लिहिलं — 'दोष परीक्षकाच्या मिशीत.' सही केली. मॅडम म्हणाल्या, "असं कशाला लिहिता? नवा कागद घ्या." अण्णा म्हणाले, "नको. पाटी माझ्या अक्षरात आहे, हेही माझ्याच अक्षरात राहू दे."

मिशी राखेनं घासली. दोन तास उन्हात बसले. मग एक नंबरपासून पुन्हा सुरुवात. वाळा कुठं नव्हता. संध्याकाळी पाकीट फोडलं. आणि मंडळी — तीन नंबर मंदाचा नव्हताच! कुणा दुसऱ्याचा होता. मंदाचा होता पाच.

"पाच नंबर कशी झाली, अण्णा?" तिनं विचारलं.

अण्णा खाली बघत म्हणाले, "खरं सांगू? आंबट आहे. द्राक्षं आठ दिवस आधी खुडलीस."

"आता ऐकते," मंदा म्हणाली, "मघाशी ऐकलं नसतं." आणि खिळ्यावरचा गजरा काढून तिनं परत वेणीत माळला.

त्या वर्षापासून गोरठाणात एक रीत पडली. पारखीत पहिला ग्लास वाईनचा नसतो. साध्या पाण्याचा असतो. प्रत्येकानं तो हुंगायचा. पाण्याला वास आला, तर उठायचं, तोंड धुवायचं, मगच दुसऱ्याच्या वाईनला नाक लावायचं.

तर बापू! आता सांगा — दोष आधी कशाला कळतो? ...थांबा, घाई नको! उत्तर घरी जाऊन द्या. आज घरी गेल्यावर सुनेच्या भाजीला नाव ठेवाल, भावाच्या बोलण्यात काळंबेरं शोधाल, शेजाऱ्याच्या नमस्कारात स्वार्थ हुंगाल — त्याच्या आधी एक ग्लास पाणी हुंगा. एवढंच मागतो. दक्षिणा नको, नारळ नको, एक ग्लास पाणी!

आता आरती होईल. मग दाराशी बुक्का लावतील. प्रेमानं लावून घ्या, देवाचं लेणं आहे ते. आणि बापू, तुमची मिशी मोठी आहे. जरा जपून!

म्हणा — विठ्ठल, विठ्ठल!