गिऱ्हाईक झालेली आत्या

आमच्या आत्याला कधी मदतीला बोलावू नका, आधीच सांगून ठेवतो. कुंभारीत आम्ही चार-पाच शेतकऱ्यांनी रस्त्याकडेला रविवारचा भाजीबाजार सुरू केला, तेव्हाची गोष्ट. सोलापूरची माणसं गाडी हळू करायची, पण बाजारात एकही गिऱ्हाईक दिसेना म्हणून तशीच पुढं जायची. असंच चाललं असतं तर बाजार मोडलाच असता. म्हणून मी आत्याला म्हणालो, "तू गिऱ्हाईक हो. माझी वांगी घे आन् मोठ्यानं चांगलं बोल."

आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून आली. तिनं एक वांगं उचललं आणि ओरडली, "ही काय वांगी हायत व्हय? म्हस तरी खाईल का?"

मी हळूच म्हणालो, "आत्या, चांगलं बोल की!"

"कानात काय सांगतूस? भाव कमी कर!"

भांडण बघायला गाड्या थांबल्या. लाजेनं मी निम्म्या भावात वांगी दिली, तर गाड्यांतून उतरलेल्या बायका म्हणाल्या, "आम्हालाही त्याच भावात." दुपारपर्यंत सगळ्यांचा माल संपला.

"तुला नावं ठेवायला बोलावलं हुतं का?" मी आत्यावर चिडलो.

"आरं, नावं न ठिवता घेतलं, तर खरं गिऱ्हाईक कोन म्हनंल?"

पुढच्या रविवारी त्याच बायका आल्या आणि टोपलीला हातही न लावता म्हणाल्या, "त्या मावशी येऊ देत, मग घेतो." मी मोटरसायकल काढून आत्याचं घर गाठलं. आत्या पिशवी घेऊन दारातच उभी होती.

"लई उशीर केलास की रं," ती म्हणाली. "आज टमाट्याकडं बघायचं हाय."