चष्म्यातला माणूस

कुणीतरी आमचं काम चोरायला टपलंय. नाव घेत नाही मी कुणाचं, पण तुम्हाला सांगतो, गेले तीन महिने मी एका चष्म्यासाठी रक्त आटवतोय... साधा नाही, त्याच्या उजव्या काचेत ड्रोनच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र दिसतं. कशाला? तर आगीत शिरलेल्या जवानानं एका हातात पाण्याचा पाइप धरायचा, दुसऱ्या हातानं जखमी माणूस ओढायचा, मग ड्रोन काय दाखवतोय ते बघायला मोबाइल धरायचा कुठे, दातात? लोकांचे जीव वाचतील हो! आणि आमचे मालक म्हणतात, अग्निशमनवाल्यांनी नाही घेतला तर लग्नाच्या शूटिंगला लावू. लग्नाच्या!

म्हणून काल त्यांच्या सरावाच्या मैदानावर चाचणी. मी मधोमध उभा, डोळ्यांवर चष्मा, हातात रिमोट. आमच्या ऑफिसातल्या ताई पलीकडे गाडीत लॅपटॉप घेऊन. सावलीत अग्निशमनचे साहेब, हाताची घडी घालून. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर लपवलेला पुतळा शोधून दाखवायचा, बस. ताई वॉकीटॉकीवरून म्हणत होत्या, चित्र तीन सेकंद उशिरा पोचतंय, जरा थांबू या. म्हटलं, आजच बरं उशिरा पोचतंय? नाव घेत नाही मी कुणाचं, पण आजच?

ड्रोन उडाला, गच्ची दिसली, टाकी दिसली... आणि काच दोन मिनिटं काळी ठिक्कर. चित्र परत आलं तेव्हा मैदानात एक माणूस! अंगात आमच्याच कंपनीचा राखाडी शर्ट, डोक्याच्या मधोमध टक्कल पडायला लागलेलं, आणि हातात रिमोट. रिमोट, कळलं का? हाच आमचा सिग्नल पळवत असणार! मी हात वर करून दरडावलं, हा ढिम्म. मी हात खाली घेतला, तर आता ह्यानं वर केला. म्हणजे मला वेडावून दाखवतोय?

मी ओरडून साहेबांना सांगितलं, राखाडी शर्टवाला, टक्कल पडलेला, धरा त्याला, मी सांगेपर्यंत सोडू नका. साहेबांनी दोन जवानांना खूण केली. बूट वाजले, आणि तुम्हाला सांगतो, त्या दोघांनी माझेच दंड धरले! मी म्हणतोय, अहो मला काय धरताय, तो पळेल ना... तेवढ्यात काचेत दिसलं, दोन जवान धावत आले आणि त्यांनी त्याचे दंड धरले. मी म्हटलं, "सापडला!"

डोक्यावर नुसती घरघर. मग वॉकीटॉकीवर ताई म्हणाल्या, "अरे, संपर्क तुटला की ड्रोन आपोआप उडवणाऱ्याच्या डोक्यावर परत येतो. तूच प्रोग्राममध्ये लिहिलंयस ते."

पण टक्कल? सव्विसाव्या वर्षी? रोज जेवताना माझ्या डोक्यावरून वाढणाऱ्या घरातल्या माणसांपैकी एकानं तरी सांगावं ना? नाव घेत नाही मी कुणाचं.

साहेबांनी मात्र शांतपणे निकाल दिला: चष्म्यानं माणूस हुडकला हे खरं, तेवढे तीन सेकंद कमी करून आणा, घेतो आम्ही. मी मान डोलावली. जरा वेळानं काचेतल्यानंही डोलावली.

उजवीकडच्या जवानानं दंड न सोडताच विचारलं, "साहेब, मग ह्यांना आता सोडायचं का?"