नवमीला न उचललेला पाना

(चकलांबा, तालुका गेवराई इथल्या दगडू लोहार यांनी सांगितलेलं)

माझं नाव दगडू. माझ्या आदी मायची तीन लेकरं गेलती, म्हनून माझं नाव दगडू ठिवलं, दगडाला कोन नेतंय म्हनून, आन् झालं बी तसंच बगा, सगळे गेले, मी ऱ्हायलोय. आमी चकलांब्याचे लोहार. तवा राज्य निजामाचं, शाळा उर्दूतली, दोन वर्सं गेलो आन् बापानं भात्यावर बसवलं. आमच्या घरात देव थोडे आन् नेम लई. त्यातला मोठा नेम खंडेनवमीचा. दसऱ्याच्या आदल्या दिशी हत्यारं धुवायची, घोंगडीवर मांडायची, हळद-कुकू लावायचं, झेंडूचं फूल व्हायचं, आन् एकदा का कुकू लागलं की दसऱ्याची पूजा होईस्तवर हत्यार उचलायचं न्हाई. कुनब्याचा फाळ मोडो न्हाईतर पाटलाच्या गाडीच्या चाकाची लोखंडी धाव निसटो, भाता थंड. आजा म्हनायचा, हत्यार बी दमतं, वर्सातला एक दिस त्याला निजू द्या. माझ्या बापानं एका नवमीला कुनाच्या तरी भिडेपोटी खिळा ठोकला आन् त्याच सालात माझा धाकटा भाऊ तापानं गेला, असं आजी सांगायची, खरं-खोटं देवाला ठावं, पन आमी ते ऐकत वाढलो.

मंग बीडला मोटारीच्या कारखान्यात गेलो. लारीचं इंजीन खोलायला शिकलो, उस्तादाचा मार खाल्ला, पन हात बसला. तेवढ्यात जर्मन-जपानची मोठी लढाई लागली. इंग्रजाच्या विमानदळात मिस्त्री लोकांची भरती चालू झाली, पगार बरा व्हता, मी गेलो. कुठं मद्रासकडं शिकवलं, मंग रेल्वेत बसवलं, मंग बोटीत, मंग पुन्हा रेल्वेत, आन् नेऊन टाकलं बर्माच्या हद्दीवर. काय सांगू तुमाला, सगळं रान, जळवा, चिखल, आन् त्या चिखलात बांबूचे तट्टे आंथरून केलेलं विमानाचं मैदान. तंबूत झोपायचं, अंगावर बुरशी चढायची.

तिथं मला त्र्यंबकसायेब भेटले. लढाईचं विमान चालवायचे, एकल्या मानसाचं विमान, चालवनारा बी तोच आन् गोळ्या झाडनारा बी तोच. पयल्या दिशी मला विचारलं, कुठला बे तू. मी म्हनलं, सायेब, चकलांब्याचा. तर हसायलेच. ते आमच्याच बीडकडच्या, नारायणगडाजवळच्या एका गावच्या पाटलाचे, हैदराबादेत शिकलेले, तिथंच विमान शिकले. बाप वारलेला, घरी एकली आई. त्या दिशीपासून त्यांचं विमान माझ्याकडं. दुसऱ्या मानसांसमोर इंग्रजी बोलायचे, माझ्याजवळ आले की, दगड्या, आज भाकर मिळाली असती तर, असं म्हनायचे.

आमची कामाची रीत अशी व्हती की विमान उडायच्या आदी एक वही यायची. आदी मिस्त्रीनं सही करायची, की मी सगळं पाह्यलं, सगळं नीट हाय, मंग खाली चालवनाऱ्यानं सही करायची. म्हंजी माझ्या सहीवर त्यो मानूस वर जानार. सायेब ती वही वाचायचेच न्हाई. मला विचारायचे, झालं का दगडू? मी म्हनायचं, झालं सायेब. की लगेच सही.

त्यांच्या हिमतीचं काय सांगू. जपान्यांच्या सडका झाडाखाली लपलेल्या, त्या बघायला लई खाली जावं लागायचं, झाडाच्या शेंड्याला पोट घासंल इतकं खाली, आन् खालून गोळ्या. दुसरे एक चक्कर मारून यायचे, ह्ये तीन मारायचे, कारन पयल्या चकरीत दिसत न्हाई म्हनायचे. एक डाव आले ते विमान वाकडंतिकडं उतरलं. मी पळालो. वर चढून बघतो तर बसायची जागा रक्तानं भरलेली, मांडीतून गोळी आरपार, गळ्यातलं फडकं मांडीला आवळलेलं, आन् हातात नकाशा, त्यावर पेन्सिलीनं सगळ्या तोफा मांडलेल्या. गोळी लागल्यावर मांडल्या बरं का, आदी न्हाई. मी खांद्यावर घेतलं तर मला म्हनतात, दगडू, शेपटाकडं लई भोकं पाडून आनलीत, रागावू नको. मी आन् याकूबनं मिळून ती भोकं झाकली, कापडाची ठिगळं चिकटवून. याकूब म्हंजी आमच्याच तंबूतला मिस्त्री, हैदराबादचा, लई कामाचा.

त्या कामाचं सायेबाला पदक मिळालं. मोठ्या गोऱ्या सायबानं सगळ्यांपुढं छातीला लावलं. त्याच महिन्यात मला रजा मिळाली, तर पदक माझ्याच हातात दिलं, म्हनले, आईला दे, आन् मांडीचं सांगू नको. मी आदी त्यांच्या गावी गेलो, मंग माझ्या घरी. आईसाब ओट्यावर बसलेल्या. पदक हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, म्हनल्या, ह्ये ठीक हाय, पन त्यो बसतो ते विमान कोन बघतं? मी म्हनलं, मी बघतो आईसाब. कुठला तू? चकलांब्याचा लोहार. तर मोठा श्वास सोडला आन् म्हनल्या, आपल्या मातीतला लोहार हाय, मंग मला घोर न्हाई. मला लई बरं वाटलं तवा.

रजेवरून गेलो आन् थोड्या दिसांत नवमी आली. त्या दिशी आमची पाळी सुट्टीची, विमान उडनार न्हवतं. आदल्या सांजंला सायेब येऊन म्हनलेलते, तेलाचा वास यायलाय, बघ जरा. मी नवमीला सकाळी उठलो, न्हालो, सगळे पाने धुतले, पोत्यावर मांडले, कुकू लावलं, रानातलं पिवळं फूल सापडलं ते व्हायलं. सायेब बी आले, त्यांनी विमानाच्या पंख्याला कुकू लावलं. आन् ते गेल्यावर मला तेलाची याद आली. बघा, ध्यानात घ्या, आदी बघून मंग पूजा केली असती तर काय बिघडत व्हतं? पन मी आदी पूजा केली.

इंजिनावरचा पत्रा हातानंच उघडून बघितलं. तेलाच्या नळीचा एक नट ढिला व्हता. मी बोटानं फिरवला, जेवढा फिरला तेवढा. बोटानं घट्ट लागला. पाना लावून दोन आटे दिले असते की काम खल्लास. पाने समोर पोत्यावर, कुकू लावलेले. मी म्हनलं उद्या, दसऱ्याची पूजा झाली की पयला पाना ह्याच नटाला. याकूब बाजूलाच व्हता. म्हनला, अबे दगडू, तेरा त्योहार है, मेरा तो नै, ला मैं कसता. त्यानं आपला पाना काढला बी. आन् मी त्याचा हात धरला. म्हनलं, माझ्या विमानाला आज लोखंड लागनार न्हाई, कुनाचंच न्हाई. धाकट्या भावाचं ध्यानात आलं, बापाचं आलं, वाटलं आज लोखंड लागलं तर सायबाचंच वाईट होईल. त्याच्या भल्यासाठी केलं हो मी. याकूब म्हनला, तेरी मर्जी.

आन् सुट्टी असली तरी वही रोजची, ती आली तशी मी सही करून टाकली. विमान उडनारच न्हाई तर सही केली काय आन् न केली काय.

दुपारी भोंगा झाला. एका टेकडीवर आपली मानसं घेरली गेलती, जपानी तिन्ही बाजूनं चढायलेले, आन् आमचं आन् अजून एक सोडून बाकीची विमानं बाहेर गेलेली. सायेब पळतच आले, टोपी बांधत बांधत, म्हनले, झालं का दगडू? मी काय म्हनायला पायजे व्हतं? दोन मिनिटं थांबा, एवढंच. पाने समोर, कुकू वाळलेलं. मी म्हनलं, झालं सायेब. सही केली आन् गेले.

मी उभा ऱ्हायलो. याकूब बी उभा. सायबासंगं त्या उरलेल्या विमानात एक पंजाबी सायेब गेलता. त्यो एकलाच आला. त्यानं सांगितलं ते असं. टेकडीवर जपानी इतके जवळ की वरून आपले कोन न् परके कोन कळंना. त्र्यंबकसायेब इतके खाली गेले की मानसांची तोंडं दिसावी, एकदा झाडल्या, दोनदा झाडल्या. तिसऱ्या चकरीत त्यांच्या इंजिनातून काळा धूर निघायला लागला. पंजाबी सायेब हात करून सांगायले, परत चल, वेळ हाय, परत चल. तर ह्यांनी मान हलवली, वळले, आन् चौथ्यांदा गेले, आन् जपान्यांची उरलेली शेवटची तोफ बंद केली. मंग विमान दरीकडं वळलं आन् झाडीत गेलं. टेकडीवरची मानसं वाचली. दुसऱ्या दिशी पायी खाली आली, म्हनली, त्यो सायेब कोन व्हता, त्याच्या पाया पडायचंय.

आता मला सांगा. खालून गोळ्या चालू व्हत्या. त्यातली एक इंजिनाला लागली आसंल. का नट निघाला आन् तेल गेलं? धूर दोन्हीनं बी तसाच निघतो, काळा. विमान सापडलं न्हाई, मानूस सापडला न्हाई. याकूब मला रोज म्हनायचा, गोली लगी होगी बे, गोली ही लगी होगी. रोज म्हनायचा, त्याच्यावरूनच मला कळायचं की त्याला बी तेच वाटायलंय. शेवटपर्यंत कुनाला बोलला न्हाई बिचारा. लढाई संपली, त्यो हैदराबादला उतरला, मी इकडं आलो.

घरी आल्यावर सा महिने मी आईसाबाकडं गेलो न्हाई. भाकर गोड लागंना. बायको म्हनायची, कावून असं बसता, सांगा तरी. शेवटी गेलो. त्या ओट्यावरच बसलेल्या, पार वाळलेल्या. मला बघून म्हनल्या, ये बाबा, मला वाटलं तू येत न्हाई. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नटाचं, पूजेचं, याकूबचं. एक अक्षर लपवलं न्हाई. त्या म्हनल्या, त्यानं तुला विचारलं? व्हय. तू काय म्हनलास? झालं म्हनलो. आन् झालं न्हवतं? न्हवतं आईसाब. मंग त्यांनी विचारलं, कावून? मी म्हनलं, नवमी व्हती.

मला वाटलं शिव्या देतील, गड्याला हाक मारून मारतील, मी त्यासाठीच गेलतो म्हना ना. तर हळूच म्हनल्या, पुढल्या नवमीला हितं ये. भाता, ऐरन, सगळं घेऊन ये.

मी गेलो. दोन दिसाची वाट, गाढवावर ऐरन लादून. नवमीला साऱ्या मुलखाची हत्यारं पूजेला बसलेली, आन् आईसाबानं अंगनात मला भट्टी पेटवायला लावली. एक वाकलेला फाळ दिला, म्हनल्या, ठोक. मी ठोकायलो. पयला घाव फाळावर न बसता ऐरनीवरच बसला. त्या म्हनल्या, ठोक. सारं गाव गोळा झालं. म्हातारे म्हनले, पाटलीनबाई, अशुभ हाय, गावावर अरिष्ट येईल. त्या म्हनल्या, माझ्यावर येऊन गेलं, तुमच्यावर येत न्हाई. दिस मावळंस्तवर मी तो फाळ तापवला आन् ठोकला, सरळ झाला की पुन्हा वाकवला. त्या समोर बसून ऱ्हायल्या. पानी बी विचारलं न्हाई. उठताना म्हनल्या, पुढल्या वर्साला ये.

असं दर साल. निजाम गेला त्या साली मुलूख सारा उलटापालटा झालता, रस्त्यानं मानसं पळायलेली, बायको पाया पडली की जाऊ नका, तवा बी गेलो. लोक म्हनायचे, ही सजा हाय. मला तसं वाटायचं न्हाई. वर्सभर छातीवर धोंडा असायचा, त्या एका दिशी घाम निघायचा, आन् रातच्याला झोप लागायची.

मंग एका साली गेलो तर त्या ओट्यावर बाजेवर पडलेल्या. उठवत न्हवतं. मी भट्टी पेटवली, फाळ लाल झाला, हातोडा उचलला, तर त्यांनी हात वर केला. मी जवळ गेलो. म्हनल्या, दगडू, ऱ्हाऊ दे. हात धू. जेवून घे. ताट वाढून ठिवलेलं. बाजरीची भाकर, वांग्याची भाजी. म्हनल्या, त्याच्यासारखाच दिसतोस रे पाठमोरा, कितीदा सांगावं वाटलं, पन तोंडातून निघंना. मी त्यांच्यासमोर बसून जेवलो, रडत रडत जेवलो. आठ दिसांनी त्या गेल्या.

त्यांनी मला सोडलं. पन मला काय सुटलं न्हाई बगा. आता गेवराईला लेकाचं वेल्डिंगचं दुकान हाय. नवमीला मशीनीला हार घालून बंद ठिवतो, लेक मला म्हनतो, बाबा, आज तरी बसा निवांत. मी बसतो. दुपार झाली की हात आपसूक पान्याकडं जातो, घरातल्या लोखंडी पलंगाचा नट कस, सायकलीचा कस, सुना हसतात. हसू द्या. सायबाचं नाव गावात कुनाला ठावं न्हाई, पदक कुठं गेलं ते बी न्हाई, तेवढं तुमी लिहून ठिवा की त्यो मानूस धूर निघाल्यावर बी परत गेलता, चौथ्यांदा. माझं लिहा न्हाईतर ऱ्हाऊ द्या.

जा आता, दिस कलायला लागलाय, देव तुमाला सुखाचं ठिवो. आन् मोटारीनं चाललाय तर निघायच्या आदी चाकाचे नट बघून घ्या. हातानं नका बघू, पाना लावून बघा.