बैलजोडीची वाटणी

पाचोऱ्याच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघी बाया बोलत होत्या.

“वाटणीत बैलही वाटून घेतले का गं, सुंदर? चांगली जोडी फोडली?”

“एक आम्हाला, एक दिराला. दिरानं त्याचा लगेच बाजारात विकला, अक्का.”

“माय वं! मग एका बैलावर पेरणी कशी केली?”

“केली ना. ज्वारी अशी उगवली, नुसतं बघत राहावं.”

“तिफण तुझ्या नवऱ्यानं धरली असेल.”

“हो. अन् बी सासूबाईंनी सोडलं.”

“बी तर दरसाल तू सोडतेस. तू कुठं होतीस?”

“जुवाखाली. बैलाच्या जोडीला.”

“अगं बाई! अन् नवरा मागून हाकत होता?”

“हाकत होते. पण बैल लई गुणी, अक्का. मी दमले, की तोच थांबायचा.”